वाकीखालची गाठ

१९९६ सालचा वैशाख. सांगलीला विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर शकुंतलाबाई दीपमालाच्या दंडावर बोटं फिरवत होत्या. पाळणा लांबवायच्या सहा बारीक कांड्या चार वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या कातडीखाली बसवल्या होत्या. पाच हाताला लागल्या. सहावी काही लागेना.

"सरकलीय. सोनोग्राफीत दिसल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. उगाच चाचपडत कापायचं नसतं."

दीपमालाचा जीव टांगणीला लागला. नवरा शंभूराज आषाढात पलटणीतून रजेवर येणार होता. दोघांनाही आता मूल हवं होतं. पण पडद्यापलीकडे बाकावर सासू बसली होती! नातवासाठी राहीबाईंनी वाईच्या घाटावरचा एक देव नवसाविना सोडला नव्हता. त्यांना कळलं तर माहेरची वाट धरावी लागणार. म्हणून तिनं घरी सांगितलं, दंडात चरबीची गाठ आहे. खुणा झाकायला सासूसारखीच चांदीची वाकी चढवली. राहीबाई तर आपली वाकी कृष्णेत बुडी मारतानाही काढत नसत. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिनं सातारा टाळून सांगली गाठली, तर राहीबाईच एसटीत शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला बी सांगलीत काम हाय."

सोनोग्राफीत सहावी सापडली. वाकीच्या जागेखाली तिरकी पडली होती. बधिर करून, इवलासा छेद देऊन डॉक्टरबाईंनी सगळ्या काढल्या.

"आत्याबाईंना सांगू नका हं," दीपमाला कुजबुजली.

तेवढ्यात पडदा सरकला. राहीबाई आत आल्या आणि ट्रेमध्ये डोकावल्या.

"सहाच्या सहा निघाल्या न्हवं?" राहीबाईंनी आपल्या दंडातली वाकी उतरवली आणि हात पुढं केला. "मग आता माझ्या बी काढा, डाक्तरीणबाई. माझी बी एक कुठं उंडारतीया कुणास ठाऊक."

"आवं आत्याबाई, तुमी?"

"मग? सासू-सुनंनं एकदम बाळंत व्हायचं व्हय गं? म्हणून बसवल्या व्हत्या; आता माझी पाळीच गेली, कशाला ठिवायच्या?"

पुढच्या साली मयूरी झाली. शंभूराज हवालदार होऊन घरी आला. राहीबाईंनी दोन्ही वाक्या मोडून नातीला पैंजण केले. सासरे नानासो मात्र शेवटपर्यंत न्हाव्याच्या दुकानात सांगत, "आमच्या घरात दंडाला गाठी व्हत्यात, गड्या. सासूची सुनंला लागली."