चारशे ग्रॅम

टाळ्या थांबल्या, तरी सुमिकोबाईंनी सर्टिफिकेट स्वप्नालीच्या हातात दिलं नाही. फ्रेम त्यांनी स्वतःच्याच मांडीवर पालथी ठेवली.

कारेगावजवळच्या त्या कारखान्यात पिकअप गाड्यांच्या ड्रायव्हर-सीटा बनत. कंपनी जपानी. सुमिकोबाई मूळ मालकांची लेक, वय ब्याऐंशी, खास या समारंभासाठी आलेल्या. मूळ मालक लढाईच्या काळात विमानांचे इंजिनियर होते, एवढं गेटजवळच्या त्यांच्या फोटोखाली लिहिलेलं होतं. दर खंडेनवमीला त्या फोटोला हार पडायचा. बाकी त्यांची कुणाला माहिती नव्हती.

राहू गावची स्वप्नाली तीन वर्षं कंत्राटावर होती. कंत्राट महिनाअखेर संपत होतं. सुधारणा सुचवण्यात पहिला नंबर आला की माणूस परमनंट, असा तिथला नियम. मग ती दोन महिने एकाच सीटकडे बघत राहिली, सासू नव्या सुनेकडे बघते तशी. शेवटी खोट सापडली. पाठीमागची लोखंडी पट्टी. चारशे ग्रॅम. ती काढली की सीट हलकी आणि स्वस्त, तरी टेस्टला पास होत होती.

सुमिकोबाईंनी जपानीत काही विचारलं. दुभाषी अनुपमानं ते मराठीत सांगितलं. टेस्टच्या वेळी सीटवर कोण बसलं होतं?

"वाळूचं पोतं," स्वप्नाली म्हणाली. "पंच्याहत्तर किलोचं. बिचारं कवा तक्रार करत न्हाई."

हॉल हसला. सुमिकोबाई हसल्या नाहीत. त्या हळूहळू बोलू लागल्या आणि अनुपमा एकेक वाक्य मराठीत आणू लागली. वडिलांना विमान हलकं हवं होतं. हलकं विमान लांब जातं, चटकन वळतं. त्यांनी मोजून मोजून वजन उतरवलं. शेवटी वैमानिकाच्या पाठीमागचा पोलादी पत्राही काढला. टेस्टला त्यांनीसुद्धा पोतंच बसवलं होतं. वरच्या साहेबांनी अशाच टाळ्या वाजवल्या. पुढे त्या विमानात सुमिकोबाईंचा मामा बसला. वय वीस. गोळी मागून आली. तरी त्यानं विमान नीट खाली उतरवलं, आणि मग मान टाकली. विमान तपासायला वडिलांनाच बोलावलं.

पुढचं अनुपमानं खाली बघून सांगितलं.

"त्यांनी रिपोर्ट लिहिला, विमानात बिघाड नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर दुसरा मुलगा बसवला."

लढाईनंतर वडिलांनी विमानाला हात लावला नाही. मरेपर्यंत फक्त सीटा केल्या.

पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या मागं काय भरतात, हे स्वप्नालीला कुणी सांगायला नको होतं. कांद्याच्या गोण्या, पाण्याचे पाईप, लोखंडी गज. करकचून ब्रेक लागला की सगळं पुढं येतं. ती पट्टी कशासाठी होती, ते तिला आत्ता कळलं. टेबलावर तिचं परमनंटचं पत्र पडलं होतं. नाव टाईप केलेलं, सहीसुद्धा झालेली.

तिनं ते मॅनेजर सत्यजीत साहेबांकडे सरकवलं.

"सायेब, ह्ये मला नगं. माझी सुधारणा माघारी घ्या. पट्टी ऱ्हाऊ द्या."

साहेब फोटोसाठी हसत उभे होते. ते हसू तसंच ठेवून हळूच म्हणाले, "अगं, सुधारणा लागू झाल्याशिवाय बक्षीस देतात का? साडेचार हजार सीटा रस्त्यावर गेल्यात."