आत कोणी नाही

जपानमधल्या तोकोनामे गावच्या टाइल कारखान्यात धूळ ओढणारं यंत्र मी एकवीस वर्षं सांभाळतोय. खोलीएवढी लोखंडी पेटी, आत तीनशे कापडी पिशव्या. मातीची सगळी धूळ त्यांत अडकते. साफसफाई झाली की दार लावायचं, बोट रोखून ओरडायचं, "आत कोणी नाही, ठीक!" आणि मगच पंखा सुरू करायचा. नियम म्हणे! बालवाडीतली थेरं नुसती.

आज मी गुपचूप कडी लावली. नवा सुपरवायझर त्सुकिओका मागेच उभा होता. कडक इस्त्रीचा गणवेश, नखात मातीचा कण नाही.

"मुकाईसान, आवाज कुठंय?"

"आत उंदीरसुद्धा नाही, साहेब. ऐकवू कुणाला?"

"नियम आहे. म्हणा."

शहाणा! मी बोट रोखून मुद्दाम बोंबललो, "आत कोणी नाही, ठीक!"

"ठीक!" आतून आवाज आला.

त्सुकिओका पांढराफटक पडला.

"प्रतिध्वनी हो," मी हसलो. "शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं?"

पण एवढ्या कापडात आवाज मुरतो. एकवीस वर्षांत कधी प्रतिध्वनी उठला नव्हता. ते काही मी या पोपटाला सांगणार नव्हतो.

तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला. खणखणीत, अगदी नियमाप्रमाणे, आणि माझाच.

"बाहेर कोणी नाही!"

त्सुकिओकाचा चेहरा एकदम निवळला. त्यानं इकडंतिकडं, माझ्याही आरपार पाहिलं, माझ्या छातीवर बोट रोखलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ठीक!"