बोळातली बाटली

"चाळीस वर्षांपूर्वी फायनल संपली आणि याच बोळात लाल क्लबवाले निळ्यांच्या जिवावर उठले," मी पर्यटकांना रोजच्यासारखं रंगवून सांगितलं. "विटांनी डोकी फुटली, गटार लाल झालं. या पायरीवर निळ्या क्लबच्या गोलकीपरला कुणीतरी मागून डोक्यात बाटली घालून ठार केलं. मारणारा काही सापडला नाही."

लोक हळहळले, पायरीचे फोटो काढून स्टेडियमकडे निघाले. लाल मफलरवाले एक आजोबा तेवढे मागे रेंगाळले. जुन्या फुटबॉलवेड्यांना चुकीची माहिती खपत नाही.

"बाटली कसली रे? सायकलची साखळी होती," ते हसून म्हणाले. "आणि मागून नाही, समोरून. एकेक फटका थेट तोंडावर. हात जोडत होता बिचारा. बाकीचे पळाले होते, आम्ही दोघंच उरलो होतो इथे."

मी बोळाचं लोखंडी दार आतून लावून घेतलं.



माझ्या दादाच्या चेहऱ्यावरचे साखळीचे वळ मी लहानपणी पाहिले होते. म्हणूनच अकरा वर्षं ही गोष्ट मी रोज मुद्दाम चुकीची सांगत आलो.