कानाशी धरलेली नळी

प्रयोगशाळेची प्रमुख नणंद होती खरी. पण अपघातातला रुग्ण शस्त्रक्रियेला आला, की सर्जन तिच्या यंत्राचे आकडे बाजूला सारून तिच्या हाताखालच्या वहिनीलाच विचारीत. वहिनी रक्ताची नळी कानाशी धरी आणि तो वाचेल की नाही ते सांगे. ती कधीच चुकली नव्हती. नणंदेचा नुसता जळफळाट होई.

भाऊ गेल्यापासून घरात या दोघीच उरल्या होत्या.

एके सकाळी नणंदेने स्वतःचे ठणठणीत रक्त काढले आणि नळीवर रुग्णाची चिठ्ठी चिकटवली.

"सांगा पाहू वहिनी, आज काय म्हणतोय तुमचा रेडिओ?"

वहिनीने कान लावला. तिचा चेहरा उतरला.

"फार वेळ नाही हो, वन्सं. घरच्यांना बोलावून घ्या."

नणंद विजयाने हसली. मग तिच्या ध्यानात आले, की घरचे माणूस केव्हाचे समोर उभे आहे.