चौतीस माणसांची साक्ष

"ती गोळी न्हाय द्यायची, तात्या," गावची आशा सेविका स्वप्नाली उंबऱ्यातनंच म्हणाली. "आजींच्या बोटाला मशीन लावलंय, ऑक्सिजन ब्याण्णव दाखवतंय. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायला पायजे."

सर्जेराव आईच्या उशाशी बसले होते. प्रयागबाई तापानं फणफणल्या होत्या. उशीजवळच्या मोबाईलवर बारीक आवाजात कीर्तन चाललं होतं, आणि मृदंगाच्या थापेसरशी त्यांचं एक बोट गोधडीवर हलत होतं. ते बोट हलतंय तोवर सर्जेरावांना धीर होता.

दवाखान्याचं नाव निघालं की मात्र तो धीर सुटायचा. कोरोनाच्या मागच्या लाटेत थोरले चुलते असेच गाडीत बसून गेले ते परत आलेच नाहीत. तोंडात तुळशीपान घालायचंसुद्धा राहिलं.

"आईला घरीच बरी करणार," ते म्हणाले. "हिवतापाची गोळी हाय की. मागल्या साली अख्ख्या गावाला मीच वाटली. घरी ऱ्हायली ती सगळी खडखडीत बरी झाली."

"बहुतेक माणसं बरीच होत्यात तात्या, गोळी खावा न्हायतर नका खाऊ. मोठमोठ्या दवाखान्यांत हजारो लोकांवर ताडून बघितली ती. ह्या आजाराला तिचा उपयोग न्हाय, असं सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या बैठकीत सांगितलंय. आन् आजींचं काळीज आधीच ठोके चुकवतंय. त्याच्या गोळ्या चालू हायत. त्यात ही पोटात गेली तर..."

स्वप्नालीनं खाटेवरच्या आजींकडं बघितलं.

"तुज्या डॉक्टरीणबाईनं हजार बघितली असतील," सर्जेराव हसले. "मी चौतीस बघितली, ह्या डोळ्यांनी. बिरदेव आबांची मेंढपाळांची वस्ती. तितं तापाची चौतीस माणसं होती. गोळ्यांचं खोकं मी स्वतः आबांच्या हातात ठेवलं. एकूण एक माणूस उभा हाय आज. थांब, साक्षीदारच येतोय."

घरातल्या गोळ्या संपल्या होत्या. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना. म्हणून सकाळीच त्यांनी आबांना फोन केला होता, काही उरल्या असतील तर घेऊन या.

बिरदेव आबा कळस गावच्या वाटेनं चालतच आले. नाकाला टॉवेल, काखेत शालीत बांधलेलं गाठोडं. मरून रंगाची ती शाल सर्जेरावांनी लगेच ओळखली. शिवरात्रीच्या कीर्तनात बुवांनी भर मंडपात म्हटलं होतं, गोळी सर्जेरावांची आणि हात बिरदेवाचा, म्हणून वस्ती तरली. टाळकऱ्यांनी टाळ वाजवले होते. सर्जेरावांनीच ही शाल आबांच्या खांद्यावर घातली होती. वस्तीवरची माणसं तेव्हा गालातल्या गालात हसत होती. सर्जेरावांना ते हसू समाधानाचं वाटलं होतं.

"आबा, सांगा ह्या पोरीला. वस्ती कशानं उठली?"

आबा अंगणातच, उंबऱ्याला लागून टेकले. गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं.

"आमी मेंढरं राखायचो तवाची गोष्ट," ते म्हणाले. "कळपात देवी आल्या, मेंढरांच्या अंगभर फोड. बाजारात एक जण म्हणला, जंताचं औषध पाजा, चालतंय. बापानं समद्या कळपाला पाजलं. जगली ती औषधानंच जगली म्हणून बापानं त्याला फेटा बांधला."

"मंग? तेच म्हणतोय मी!"

"फुडच्या साली परत देवी आल्या. तवा आईनं निम्म्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचं बोट वढलं. म्हणली, गेरूवाल्यास्नीच पाजा, बाकीची तशीच ऱ्हाऊ द्या. देवी सरल्या आन् आमी मोजाय बसलो. गेरूची जेवढी जगली, तेवढीच बिनगेरूची. उलट पाजलेल्यातल्या तीन गाभण मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली."

"मेंढरांचं मेंढरांपाशी, आबा. हितं माजी आई हाय."

"व्हय. आई हाय म्हणूनच आलो."

खाटेवरून प्रयागबाईंचा क्षीण आवाज आला, "भांडायचं तर लांब जाऊन भांडा रं. बुवा काय म्हणत्यात ते ऐकू येईना झालंय." एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. गोधडीवरचं बोट आता थापेला चुकू लागलं होतं. सर्जेरावांनी ते पाहिलं. स्वप्नालीनंही पाहिलं.

"उरलेल्या गोळ्या द्या, आबा," सर्जेरावांनी उंबऱ्याशी येऊन हात पुढं केला. "चौतीस माणसं उठली, तशी पस्तिसावी उठंल."

आबांनी शालीची गाठ सोडली.

आत खोकं होतं. वर्षभर बिरोबाच्या पायाशी ठेवलेलं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. त्याच्यावरची कंपनीची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

सर्जेरावांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. ती कुठंच उचललेली नव्हती.

"तुमी मायेनं दिलंत, न्हाय म्हणायला जीभ उचलली न्हाय," आबा म्हणाले. "दोगांना दम लागला, त्यास्नी टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं, तितनं ती चालत आली. बाकीची पेज पिऊन उठली. मंडपात तुमी शाल घातली, तवाच बोलायला पायजे होतं. गप बसलो, ही माजी चूक. शाल माघारी घ्या."

आत येऊन त्यांनी शाल प्रयागबाईंच्या पायांवर पांघरली, आणि खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडं बोट दाखवलं.

"गेरू तुमच्या गावाला लागला, सर्जेराव. आमची वस्ती बिनगेरूची."