नाव तेवढं नीट घ्या

"अहो, यंदा तरी नाव नीट घ्या. मागच्या पाहुण्यांच्या नावाची तुम्ही पार वाट लावलीत आणि आपलं आमंत्रण बोंबललं," बायकोनं विभागप्रमुखांना दारातच बजावलं. दोन देशांच्या विद्यापीठांमधली ही व्याख्यानांची देवाणघेवाण. पाहुणा खूश होऊन गेला, तरच यजमानाला तिकडून बोलावणं यायचं. आणि विभागप्रमुखांना निवृत्तीआधी एकदा तरी विमानात बसायचं होतं.

पाहुण्यांशी ओळख फक्त ईमेलवरची. विभागप्रमुखांना नावापेक्षा हुद्दा प्यारा, सहीच्या जागी ते 'विभागप्रमुख' एवढंच लिहीत. पाहुणेही त्याच पठडीतले. सहीला दोन आद्याक्षरं आणि अगदी तळाशी त्यांच्या लिपीत एक लांबलचक ओळ. ती ओळ विभागप्रमुखांनी मोबाइलकडून वाचून घेतली आणि दाढी करताना, आंघोळ करताना, बायको म्हणते झोपेतसुद्धा, घोकली.

सभागृहात त्यांनी ते नाव एका दमात, कुठेही न अडखळता घेतलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बायकोचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे मात्र कोणाला बोलावताहेत म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे उठले आणि माइकपुढे येऊन प्रेमानं म्हणाले, "मीसुद्धा यजमानांचं नाव त्यांच्या ईमेलच्या तळाशी शोधून पाठ करून आलोय."



"धन्यवाद, प्राध्यापक कागदवाचवा गरजअसेलतरच प्रिंटकाढा!"