बाजूची खाट

दुखू नये म्हणून डॉक्टरांनी यशवंतरावांच्या ऑपरेशन झालेल्या पायाची नस बधिर केली होती. "संध्याकाळी पाय जागा होईल," ते म्हणाले.

दुपारी जैनथहून सून आली आणि रिवाजाप्रमाणे त्याच पायाला हात लावून पाया पडली.

"सुखी राय, पोरी," आशीर्वाद आला. बाजूच्या रिकाम्या खाटेवरून.

"मी तर काईच नाई बोललो," यशवंतराव म्हणाले.

त्यांची बायको जयवंताबाई हसली. "इंजेक्शन डोक्यात चढलं तुमच्या."

संध्याकाळ झाली. यशवंतरावांनी बँडेजबाहेरचा अंगठा चिमटून पाहिला. काहीच कळलं नाही. रिकामी खाट मात्र कळवळली.

"अवं, माहा पाय काऊन जागा नाई होऊन राह्यला?" यशवंतरावांनी बायकोला विचारलं.

जयवंताबाईला ऐकूच गेलं नाही. ती रिकाम्या खाटेच्या कडेला बसून, पाय दाबावा तसं हळूहळू काहीतरी दाबत होती.

"उगे राहा जी," ती म्हणत होती, "आता घरीच जाऊ आपण."